रूडीला कुणाच्या हवाली करायचं?

2023 च्या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात दोन माणसं आमच्या शिकागोजवळच्या घरी येऊन तळघरात उतरली. दोघांनाही एकच वस्तू बघायची होती. लाकडी पेटी, वर काच, चार लोखंडी पाय, वजन सव्वाशे किलोच्या पुढे. वस्तूचं नाव 'फनहाउस', जात पिनबॉल, जन्म 1990, जन्मगाव शिकागो.

पहिल्यानं सहा हजार डॉलर रोख देऊ केले. दुसऱ्यानं साडेतीन हजार डॉलर आणि त्यावर 1976 सालचं एक जुनं पिनबॉल मशीन देऊ केलं. मी दोघांनाही म्हटलं, रविवारी सांगतो.

हिशोबच करायचा तर तो पाच मिनिटांत झाला असता. मुलीच्या कॉलेजची फी ऑगस्टमध्ये भरायची होती. बायकोनं एका वाक्यात निकाल लावला होता: "म्हणजे अडीच हजार कमी घेऊन आपण अजून एक खोका घरात आणायचा, असंच ना?" तिचं चुकत नव्हतं. तरी मी चार रात्री त्या मशीनसमोर स्टूल टाकून बसलो. ते कुठून आलं, आजवर कसं टिकलं आणि पुढे कुणामुळे टिकेल, हे कळल्याशिवाय मला उत्तर देता येईना. हा लेख म्हणजे त्या चार रात्रींचा जमाखर्च आहे.

खिळे ठोकलेला पाट

आपल्यापैकी बहुतेकांनी खरं पिनबॉल पाहिलेलं नसतं. पण विंडोज एक्सपीच्या काळात ज्यांच्या घरी किंवा गल्लीतल्या सायबर कॅफेत कॉम्प्युटर होता, त्यांनी 'स्पेस कॅडेट' हमखास खेळलेलं असतं. झेडचं बटण दाबलं की डावा फ्लिपर उडायचा, तिरक्या रेघेचं दाबलं की उजवा. माझीही पिनबॉलशी ओळख तिथलीच. त्याच्याही आधी घरात एक बॅगाटेल होतं. लाकडी पाट, वरून अर्धगोल, जागोजागी ठोकलेले खिळे, मधे आकड्यांची भोकं आणि काठीनं ढकलायच्या गोळ्या. मे महिन्याच्या सुट्टीत त्यावर भावंडांशी झालेली भांडणं अजून आठवतात.

पिनबॉलचा खापरपणजोबा तोच पाट आहे. बॅगाटेल हा अठराव्या शतकातला फ्रेंच खेळ. 1871 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी त्यात सुधारणा करून पेटंट घेतलं. काठीच्या जागी त्यांनी स्प्रिंगचा दांडा बसवला. तो मागे ओढून सोडला की गोळी वर जाते आणि खिळ्यांवर आपटत खाली येते. खिळे म्हणजे पिन, म्हणून पिनबॉल.

यातून धंदा उभा राहिला तो महामंदीत. 1931 मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी 'बॅफल बॉल' बाजारात आणलं. किंमत साडेसतरा डॉलर. दुकानाच्या काउंटरवर मावेल एवढं छोटं, आणि एका सेंटला पाच-सात गोळ्या. हाताला काम नाही आणि खिशात पैसे नाहीत अशा माणसांना एका सेंटमध्ये काही मिनिटं सगळं विसरायला मिळत होतं. मागणी इतकी वाढली की गॉटलीबना पुरवठा करता येईना. त्यांची मशीनं विकणारे रेमंड मोलोनी वाट बघून कंटाळले आणि 1932 मध्ये त्यांनी स्वतःचं 'बॅलीहू' काढलं. त्यातून 'बॅली' कंपनी निघाली. पुढची कित्येक दशकं जगातली बहुतेक पिनबॉल मशीनं शिकागोतच तयार होत राहिली. मी नोकरीसाठी ज्या शहरात आलो, ते या खेळाचं माहेर निघालं.

एक गोष्ट इथं ध्यानात ठेवायला हवी. त्या मशीनांना फ्लिपर नव्हते. गोळी सोडली की बघत बसायचं, फार तर पेटीला धक्का द्यायचा. धक्के फार व्हायला लागले तेव्हा हॅरी विल्यम्स यांनी जास्त हलवलं की खेळ बंद पाडणारी युक्ती बसवली. तीच 'टिल्ट'. एकूण सगळा मामला नशिबाचा. काही दुकानांत जिंकणाऱ्याला बक्षीस मिळे, काही ठिकाणी सरळ पैसे. साहजिकच लोक याला जुगार म्हणू लागले.

हातोडा आणि एक गोळी

न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांना पिनबॉलचा मनापासून राग होता. शाळकरी मुलांचे डब्याचे पैसे ही मशीनं गिळतात, असं त्यांचं म्हणणं. जानेवारी 1942 मध्ये शहरात बंदी आली आणि पोलिसांनी धाडी घालून मशीनं जप्त केली. ला गार्डिया यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. सुटाबुटातले बुटके महापौर, हातात मोठा हातोडा, समोर आडवं पडलेलं मशीन. नुकत्याच युद्धात उतरलेल्या देशाला धातू हवाच होता.

शिकागोतही बंदी होती. ज्या शहरात मशीनं बनत, त्याच शहरात अनेक दशकं ती खेळायला मनाई होती. आपल्या गावात गाळलेली दारू गावात प्यायची नाही, असला प्रकार.

बंदीनंतर पाच वर्षांनी, 1947 मध्ये, हा खेळ मुळातून बदलला. गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' मशीनवर हॅरी मॅब्ज यांनी सहा छोटे फ्लिपर बसवले. दुसऱ्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी 'ट्रिपल अ‍ॅक्शन'मध्ये ते दोनवर आणले आणि अगदी तळाशी ठेवले. आता खाली येणारी गोळी परत वर मारता येऊ लागली. नशिबाच्या जोडीला हात आला, नजर आली, सराव आला. कायदा मात्र होता तिथंच राहिला.

न्यूयॉर्कची बंदी उठायला 1976 साल उजाडलं. 2 एप्रिलला रॉजर शार्प नावाच्या एका तरुण पत्रकाराला नगर परिषदेच्या समितीसमोर बोलावलं गेलं. पिनबॉल कौशल्याचा खेळ आहे, हे त्यांनी खेळून दाखवायचं होतं. त्यासाठी दोन मशीनं आणली होती. एका सदस्याला संशय आला की पहिल्या मशीनमध्ये काही करून ठेवलं असावं, म्हणून दुसऱ्यावर खेळायला लावलं. शार्प खेळले, पण समोरच्यांचे चेहरे हलेनात. शेवटी त्यांनी स्प्रिंगच्या दांड्याला हात घातला आणि सांगितलं, आता गोळी वरच्या मधल्या गल्लीतून जाईल. दांडा सोडला. गोळी मधल्या गल्लीतून गेली. समितीनं बंदी उठवण्याच्या बाजूनं मत दिलं.

पुढे शार्प यांनीच सांगितलं की त्या फटक्यात नशिबाचाही हात होता. पस्तीस वर्षांच्या बंदीचं भवितव्य एका गोळीवर टांगलेलं होतं आणि त्या गोळीलाही थोडं नशीब लागलंच. मला ही गोष्ट फार आवडते. दुसऱ्या माणसानं मला देऊ केलेलं मशीन त्याच सालचं होतं, हे मी त्या रात्री पहिल्यांदा लक्षात घेतलं.

जपण्यासाठी बनलेलीच नव्हती

आता माझ्या प्रश्नाच्या जवळ येतो. आज ज्याला आपण 'कलेक्टिबल' म्हणतो, ते पिनबॉल मशीन संग्रहासाठी बनलेलंच नव्हतं. कंपनी ते वितरकाला विके, वितरक 'ऑपरेटर'ला. ऑपरेटर म्हणजे बार, लाँड्री, पिझ्झाची दुकानं अशा ठिकाणी मशीनं ठेवणारा माणूस. आठवड्याला येऊन तो गल्ला उघडणार, नाणी मोजणार आणि जागेच्या मालकाला त्याचा वाटा देणार. नव्याची नवलाई संपली की मशीन दुसऱ्या ठिकाणी, मग तिसऱ्या. पुढे जुनं वितरकाला परत देऊन, वर पैसे भरून नवं घ्यायचं. म्हणजे अदलाबदल या धंद्याच्या रक्तातच होती. शेवटी कुणालाच नको झालेलं मशीन सुट्या भागांसाठी मोडायचं, नाहीतर कचऱ्यात टाकायचं.

जी वाचली ती बहुतेक योगायोगानं वाचली. कुणीतरी स्वस्तात मिळालं म्हणून तळघरात नेऊन ठेवलं, पोरांनी खेळून खेळून खिळखिळं केलं, पण चालू ठेवलं.

मग व्हिडिओ गेम आले. 1978 मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आला आणि ऑपरेटरांना कळलं की ज्यात फिरते भाग जवळजवळ नाहीत, ते यंत्र बिघडतही कमी. पिनबॉलला धाप लागली. 1988 मध्ये बॅलीचा पिनबॉल विभाग विल्यम्स कंपनीनं घेतला. आणि त्याच पडत्या काळात शेवटचा बहर आला. 1992 च्या 'द अ‍ॅडम्स फॅमिली'ची 20,270 मशीनं विकली गेली. फनहाउस त्याच्या दोन वर्षं आधीचं. दोन्हींचे रचनाकार पॅट लॉलर.

फनहाउसमध्ये रूडी नावाच्या बाहुल्याचं डोकं आहे, जवळजवळ खऱ्या मुलाच्या डोक्याएवढं. त्याचे डोळे गोळीच्या मागे फिरतात. तो बडबडतो, टोमणे मारतो, जबड्यावर गोळी बसली की ओरडतो. खेळता खेळता एक घड्याळ बाराच्या दिशेनं सरकतं. बारा वाजले की रूडी झोपतो, घोरतो आणि त्याचं तोंड उघडं पडतं. तेवढ्या वेळात तोंडात गोळी घालता आली की तीन गोळ्या एकदम सुटतात. रूडीचा आवाज एड बून यांचा. हो, तेच, ज्यांनी पुढे 'मॉर्टल कॉम्बॅट' घडवला. तुमच्यापैकी कुणी त्यात स्कॉर्पियनची आरोळी ऐकली असेल, तर रूडीशी तुमची लांबून ओळख आहेच.

अशी 10,750 मशीनं बनली. ऑक्टोबर 1999 मध्ये विल्यम्सनं पिनबॉलचा कारखाना बंद केला आणि कंपनी स्लॉट मशीनांकडे वळली. ज्या जुगाराच्या आरोपातून सुटायला पिनबॉलनं तीस-पस्तीस वर्षं घालवली, शेवटी पैसा त्या जुगारातच होता. गॉटलीबचा वारसा त्याआधी 1996 मध्येच थांबला होता. पुढची दहा-बारा वर्षं गॅरी स्टर्न यांची एकच मोठी कंपनी तग धरून राहिली.

आणि कारखाने बंद पडल्यावर जुन्या मशीनांना भाव आला. माझं मशीन मी 2011 मध्ये एका निवृत्त ऑपरेटरकडून बावीसशे डॉलरला घेतलं होतं. बारा वर्षांत त्याचे सहा हजार झाले, ते माझ्या कर्तबगारीनं खचितच नव्हे. हा भाव पक्काही नसतो. 1997 च्या 'मिडीव्हल मॅडनेस'ची जेमतेम चार हजार मशीनं बनली होती आणि संग्राहक त्यासाठी वाटेल ते मोजत. 2015 मध्ये त्याची नवी आवृत्ती बाजारात आली, तेव्हा मूळ मशीनवाल्यांच्या पोटात गोळा आला. जे दुर्मिळ म्हणून महाग, ते उद्या पुन्हा बनू शकतं.

तीन सेल

खरी गोष्ट आता सांगतो. ती सांगायला मला लाज वाटते.

सुरुवातीची काही वर्षं आमच्या तळघरात रोज खेळ चाले. मुलगी स्टुलावर उभी राहून खेळायची. यादीत आमची तिघांची आद्याक्षरं होती, पाहुण्यांची होती, आणि सगळ्यात वर कुणा अनोळखी माणसाची तीन अक्षरं. ती मशीनबरोबरच आली होती. कुठल्यातरी बारमधला कुणीतरी गडी. त्याला हरवायचं हे आमचं घरगुती ध्येय.

भाव वाढायला लागला तसा मी शहाणा झालो. मुलीच्या मैत्रिणींना हात लावू देईना. पाट झिजेल, रूडीचा जबडा तुटेल. मग मीही खेळायचं थांबलो. वर चादर टाकली. कोविडच्या दोन वर्षांत तर चादर काढलीच नाही. मी समजत होतो, मी ते जपतोय.

त्या पिढीच्या मशीनमध्ये मुख्य सर्किट बोर्डावरच तीन पेन्सिल सेल असतात. वीज बंद असताना घड्याळ, सेटिंग आणि गुणांची यादी त्यांच्या जोरावर टिकते. हे सेल जुने झाले की पाझरतात आणि त्यातलं क्षार बोर्डाचं तांबं खातं. दर वर्षी बदला, हे कुणीही जाणकार पहिल्याच दिवशी सांगतो. मलाही त्या ऑपरेटरनं सांगितलं होतं. 2022 मध्ये चादर काढून बटण दाबलं तर दिवे लागले, पण रूडी मुका. मागची पेटी उघडली. सेलवर हिरवट-पांढरा बुरा चढलेला आणि खालचा बोर्ड कुरतडल्यासारखा.

बोर्ड दुरुस्तीला पाठवला, पाचेक महिन्यांनी परत आला. मशीन चालू झालं, पण यादी पुसली गेली होती. त्या अनोळखी गड्याची तीन अक्षरं पंचवीस-तीस वर्षं बारमधली दारू, सिगारेटचा धूर आणि ट्रकचे धक्के सोसून टिकली होती. माझ्या चादरीखाली ती गेली.

'स्पेस कॅडेट'चं काय झालं, हे मला तेव्हा आठवलं. मायक्रोसॉफ्टनं तो खेळ व्हिस्टात घेतला नाही. त्यांच्याच एका अभियंत्यानं नंतर कारण सांगितलं: 64 बिटच्या विंडोजसाठी तो बदलताना गोळी वस्तूंमधून भुतासारखी आरपार जाऊ लागली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या त्या कोडमध्ये नेमकी चूक कुठं आहे हे त्यांना सापडेना, तेव्हा खेळच वगळला. लाखो लोक खेळत असूनही दुरुस्त करता येईना म्हणून तो गेला. मी स्वतः सॉफ्टवेअरवर पोट भरतो, आणि माझ्या तळघरातला बोर्ड मला दुरुस्त करता येत नव्हता.

रविवार

पहिला माणूस मोजूनमापून बघत होता. त्यानं टॉर्च मारून पाट पाहिला आणि विचारलं, "किती गेम झालेत?" मशीन स्वतः ही नोंद ठेवतं आणि कमी खेळलेल्या मशीनला जास्त भाव येतो. आकडा दोनशेच्या आसपास होता. मी खरं ते सांगितलं: सेल पाझरले, बोर्ड दुरुस्त झाला, मोजणी शून्यापासून सुरू झाली, खरा आकडा कुणालाच माहीत नाही. तो हसला. म्हणाला, पुढच्याला हे सांगायची काही गरज नाही. सहा हजारांना तो तयारच होता. त्याच्याकडे अशी चौदा मशीनं होती. फोटो दाखवले. एका रांगेत, लखलखीत, सगळी बंद.

दुसरा शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. एका पिझ्झाच्या दुकानात त्याची सहा मशीनं होती, नाणी टाकून खेळायची. त्यानं आधी मागची पेटी उघडली, बोर्ड पाहिला, मान डोलावली. मग म्हणाला, "सेल मी बोर्डावर ठेवणारच नाही. वायर काढून खाली, लांब ठेवेन. पाझरले तरी बोर्डाला काही होणार नाही." इतकं साधं. बारा वर्षांत मला सुचलं नव्हतं. शेवटी विचारलं, "एक गेम खेळू का?" खेळला. वाईट खेळला, पण मजेत.

बदल्यात तो देत होता ते गॉटलीबचं 'रॉयल फ्लश'. एड क्रिन्स्की यांची रचना, पाटावर पत्त्यांच्या चित्रांची पाडायची रांग. त्यात ना कॉम्प्युटर, ना सेल. पातं उघडलं-मिटलं की रिले खटकतो, चक्र एक घर पुढे सरकतं, घंटा वाजते. आकडे खरोखरच्या फिरत्या चकत्यांवर असतात आणि वीज गेली तरी जिथं थांबले तिथंच राहतात. बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो. पातं काळं पडलंय, घासा. स्प्रिंग सुटलीय, लावा. एवढं माझ्यासारख्यालाही शिकता येईल.

अदलाबदलीत टॅक्स वाचतो असा एक समज आहे, तोही तपासला. 2018 पासून अमेरिकेत ती सवलत फक्त जमीन-घरांपुरती आहे. मशीन देऊन मशीन घेतलं तरी कायद्याच्या लेखी ती विक्रीच. तेव्हा पैशाच्या बाजूनं अदलाबदलीच्या पारड्यात काहीच नव्हतं.

मी हिशोब बायकोपुढे मांडला. पहिल्याकडे गेलं तर सहा हजार मिळतील आणि रूडी पुन्हा चादरीखाली जाईल, यावेळी जास्त महागड्या चादरीखाली. दुसऱ्याकडे गेलं तर तो रोज झिजेल, रोज दुरुस्त होईल. मशीन टिकतं ते कुणाच्या तरी हाताखाली असलं तर, हे मी बावीसशे डॉलर आणि एक यादी घालवून शिकलो होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि उरलेले अडीच हजार?" मी म्हटलं, दिवाळीतलं भारताचं तिकीट रद्द करतो, मी एकट्यानं यायचं नाही. त्यावर ती काही बोलली नाही. मुलगी मात्र जिन्यातून म्हणाली, "बाबा, नवीन मशीनला तरी आम्हाला हात लावू देशील ना?"

रविवारी मी दुसऱ्याला फोन केला.

पाय काढून, मागची पेटी आडवी करून, चार जणांनी रूडीला जिन्यानं वर नेलं. 'रॉयल फ्लश' त्याच जिन्यानं खाली आलं. पहिल्याच आठवड्यात त्याची एक घंटा अडकली. मुलगी आणि मी झाकण उघडून दोन तास शोधत बसलो. वाकलेलं पातं तिनं शोधलं, मी सरळ केलं.

नोव्हेंबरात त्या पिझ्झाच्या दुकानात गेलो. भिंतीपाशी रूडी टोमणे मारत होता, आणि दहा-बारा वर्षांचा एक मुलगा टाचा उंचावून त्याच्याशी भांडत होता. माझा नंबर यायला वीस मिनिटं लागली. एक गेम खेळलो, हरलो, आणि पडद्यावर गुणांची यादी फिरू लागली. सगळी तीन-तीन अक्षरं. त्यातलं एकही नाव माझ्या ओळखीचं नव्हतं. खिशात अजून दोन नाणी होती. मी परत रांगेत जाऊन उभा राहिलो.